माशांच्या पिल्लांच्या खाद्यात प्रोटीन किती लागतं
अरे मित्रा, मोठ्या माशांचं खाद्य बारीक दळून बीजाला (म्हणजे अगदी लहान पिल्लांना) घालू नकोस, सगळे नवीन लोक तेच करतात. मोठ्याला २५-३० टक्के प्रोटीन पुरतं पण तिलापिया किंवा कार्पचं बीज असेल तर ४० च्या आसपास हवं, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) झाली की ३०-३५ वर आण. मांसाहारी जातींना अजून जास्त, ४५-५० टक्के.

आणि नुसता पोत्यावरचा आकडा बघून चालत नाही, प्रोटीन कशातून आलंय ते बघ, कारण नुसत्या सोयाबीन पेंडीत मेथिओनिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी पडतं, फिशमीलमध्ये (सुक्या माशांच्या भुकटीत) ते चांगलं असतं, म्हणून बीजाच्या खाद्यात थोडं तरी फिशमील असावंच असं माझं ठाम मत आहे. तेल पण लागतं, नाहीतर पिल्लं महागडं प्रोटीन एनर्जीसाठीच जाळून टाकतात आणि वाढ खुंटते.

उलट गरजेपेक्षा जास्त प्रोटीन दिलंस तर ते अमोनिया होऊन पाण्यातच येतं. दिवसातून ४-५ वेळा थोडं थोडं टाक, दाणा तोंडात मावेल एवढाच बारीक, आणि काठावर बसून बघ, तळाशी खाद्य उरायला लागलं की हात आखडता घे.