लॉस एंजेलिसमध्ये एवढ्या गाड्या असताना जमिनीलगतचा ओझोन (श्वासाला त्रास देणारा वायू) शंभरेक किलोमीटरवरच्या क्रेस्टलाइन या डोंगरातल्या गावात जास्त कसा?

कारण ओझोन गाडीच्या धुरातून थेट बाहेर पडत नाही. तो धूर वाऱ्याबरोबर पुढे सरकत असताना उन्हात तयार होतो, आणि त्याला काही तास लागतात. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेचे रसायनतज्ज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिलं: नायट्रोजनची ऑक्साइडं, पेट्रोलची न जळलेली वाफ आणि ऊन एकत्र आले की ओझोन बनतो. सकाळच्या वाहतुकीचा धूर समुद्रावरून येणारा वारा पूर्वेकडे ढकलतो. हा धूर क्रेस्टलाइन जिथे आहे त्या सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांना अडतो तोवर दुपार झालेली असते. उलट भर शहरात ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन खाऊन टाकतो, म्हणून रहदारीच्या रस्त्यालगत ओझोनचा आकडा बरेचदा कमी दिसतो (त्यामुळे तिथली हवा चांगली ठरत नाही, नायट्रोजन डायऑक्साइड तिथे भरपूर असतो). रात्रीही हाच फरक राहतो: शहरात ओझोन झपाट्याने उतरतो, डोंगरावर रेंगाळतो. याच ओझोनमुळे डोंगरावरच्या पाँडेरोसा पाइन झाडांची पानं पिवळी पडून गळत होती.

मात्र हे रोज घडेलच असं नाही. वारा पडला, ऊन कडक असलं, तर शहरातही ओझोन चढतो. ढगाळ किंवा थंड दिवशी दोन्हीकडे कमी राहतो. दम्याचा त्रास असेल तर डोंगरात फिरायला सकाळी लवकर जा, दुपार टाळा, आणि शहराचा नव्हे, तिथल्याच हवा मोजणाऱ्या केंद्राचा आकडा बघा.