तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मोकळ्या सोडताय? आधी सात दिवस खुराड्यात कोंडा

प्रश्न (खटाव तालुका): गिरिराज जातीच्या कोंबडीची 50 पिल्ले आहेत, चार आठवड्यांची. पिल्ले देणारा दुकानदार म्हणतो, आता विकतचे खाद्य बंद करा आणि रानात सोडा. सोडावीत का?

नाही. या वयाच्या पिल्लाला अंगभर पीस आलेले नसते. एक पावसाची सर किंवा माणदेशी वाऱ्याची एक थंड रात्र त्याला पुरते. सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय सोडू नका, थंडीत आणि पावसाळ्यात आठ धरा. खाद्यही बंद करायचे नाही. रानातले किडे, गवत ही वरकड आहे, पोट त्यावर भरत नाही. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचेच खाद्य द्या. दुकानदार अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य 'एकच आहे' म्हणून गळ्यात मारतो, ते घेऊ नका. त्यातला जादा चुना वाढत्या पिल्लाची मूत्रपिंडे बिघडवतो.

आता सोडण्याची रीत. पिल्ले नव्या खुराड्यात आणल्यावर सात दिवस तिथेच कोंडून ठेवा. खाणे, पाणी, झोप सगळे आतच झाले की घर कुठे हे त्यांना कळते. दाणे टाकताना रोज तोच पत्र्याचा डबा वाजवा. आठव्या दिवशी दुपारी 12 ला खाद्याची भांडी उचला, पाणी राहू द्या. मावळतीच्या तासभर आधी दार उघडा, म्हणजे डिसेंबरात पाचला आणि जूनमध्ये सव्वासहाला. पहिले चार दिवस दारापुढे 10 बाय 10 फुटांत जाळी लावून वरूनही झाका. दिवेलागणीला डबा वाजवायचा आणि भरडा खुराड्याच्या आत टाकायचा, अंगणात अजिबात नाही. भुकेले पिल्लू आत जाते. पोट भरलेले पिल्लू डब्याकडे बघतही नाही.

सकाळी सोडण्याची घाई करू नका. बहुतेकांची पिल्ले इथेच जातात. सकाळी सोडलेले नवखे पिल्लू दिवसभरात लांब जाते आणि संध्याकाळी वाट चुकते. पाचव्या दिवसापासून जाळी काढा, वेळ दोन तास करा, मग दर दोन दिवसांनी तासभर वाढवा. पूर्ण दिवस तिसऱ्या आठवड्यानंतर, तोही दव वाळल्यावर.

प्रश्न (वाळवा तालुका): तलंगा संध्याकाळी पेरूच्या झाडावर बसतात. काहींचा उसात पत्ता लागत नाही.

खुराडे आतून काळोखे असेल तर कोंबडी शिरत नाही. बाहेर अजून उजेड असतानाच आत छोटा दिवा लावा, सगळ्या आल्या की विझवा. बसायला दांडी हवी: दोन इंच रुंद, कडा घासलेली, प्रत्येक तलंगेला सहा ते आठ इंच. सगळ्या दांड्या एकाच उंचीला ठेवा, नाहीतर वरच्या जागेसाठी मारामारी होते आणि हरलेली झाडावर जाते. झाडावरच्या अंधार पडल्यावर हाताने उतरवून आत ठेवा. सलग चार-पाच रात्री एकही दिवस न चुकता केले तर सवय मोडते. रात्री दांडीवर मोजा. तरीही नेहमीच्या तलंगा आत यायला नाखूश असतील तर दांडीच्या खाचांत रात्री बॅटरीने पिसवा आणि गोचिडे शोधा.

उसाच्या बांधापासून 15-20 फूट पट्टा साफ ठेवा. मुंगूस आणि रानमांजर त्या आडोशानेच येतात. खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा. कोंबडीची षटकोनी जाळी मुंगूस उचकटतो.

प्रश्न (तासगाव तालुका): द्राक्षबागेत सोडल्या तर गवत खातील. दुकानदाराने सोडण्याआधी 'ताकदीसाठी' अँटिबायोटिक आणि टॉनिक दिले आहे.

दोन्ही परत करा. आजार नसताना अँटिबायोटिक द्यायचे नाही. पुन्हा सांगतो, आजार नसताना द्यायचे नाही. रक्ती हगवणीवरचे ॲम्प्रोलियमही 'थोडे जास्त' घालू नका. मात्रा वाढली की बी-1 जीवनसत्त्व कमी पडते, मान मागे वळते, लोक मानमोडी (राणीखेत रोग) समजून आणखी औषध ओततात. हगवणीत रक्त दिसले तर पशुवैद्यकाला दाखवा, मात्रा त्यांच्याकडून घ्या, आणि ओले तूस त्याच दिवशी बदला.

खरी गरज असते ती लसीची. लासोटा (मानमोडीची लस) सातव्या आणि 28 व्या दिवशी, देवीची सहाव्या आठवड्यात, आर-टू-बी (मानमोडीचीच, पण जास्त कडक लस) आठव्या आठवड्यात. पाचव्या आठवड्यातच आर-टू-बी टोचून मोकळे व्हा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नका, ती लहान पिल्लालाच आजारी पाडते. लासोटा पाण्यातून देताना नळाचे क्लोरीनचे पाणी नको.

आणि फळछाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू असताना कोंबड्या नकोतच. उसातल्या दाणेदार कीटकनाशकाचे दाणे कोंबडी धान्य समजून टिपते. फोरेटवर बंदी आहे, घरात जुने पाकीट उरले असेल तर वापरू नका.

योजना: 25 तलंगा व 3 नर, किंवा 100 एकदिवसीय पिल्ले, 50 टक्के अनुदान. अर्जाची मुदत पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचारा. पण या तलंगा आल्या की त्यांनाही आधी सात दिवस कोंडायचे.