दारव्ह्याकडे (यवतमाळ जिल्हा) स्ट्राँग बिअरच मिळते. क्राफ्ट बिअरची (छोट्या ब्रुअरीत बनणाऱ्या बिअरची) सुरुवात कोणत्या प्रकारापासून करावी?

गव्हाच्या बिअरपासून करा, आयपीए (इंडिया पेल एल) या कडू प्रकारापासून नको. गव्हाच्या बिअरचा कडूपणा साधारण १०-२० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), आयपीएचा ४०-७०. स्ट्राँगच्या गोडसर चवीवरून थेट आयपीएकडे गेलात तर काढा प्यायल्यासारखं वाटेल. गव्हाच्या बिअरचे दोन प्रकार बघा. बेल्जियन विटबिअरमध्ये धने नि संत्र्याची साल असते. जर्मन हेफेवायझेनला केळी-लवंगेचा वास येतो, तो निव्वळ यीस्टचा (केळं कुणी घालत नाही). दोन्ही ५-७ अंशांवर, ग्लासात ओतून प्या, तळाचा गाळ हलवून घ्या. मग स्टाउट (काळी, दाट बिअर), १० अंशांच्या आसपास. कॅनवरची तारीख बघा, बर्फाच्या डब्यातच आणा. मे महिन्यात डिकीत तापलेल्या बिअरला पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मात्र नागपूरहून यायचा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, तिथे दारूबंदी आहे. त्यापेक्षा अमरावतीहून नेरमार्गे आणा.