सोन्याच्या घरात सोनं नाही, मग जायचं कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार. मे महिन्यात आईला घेऊन इटलीला चाललोय, व्हेनिसला जेमतेम दीड दिवस आहे. ग्रँड कॅनालवरचं का' दोरो बघावं का? नावाचा अर्थ सोन्याचं घर, पण फोटोत सोनं कुठेच दिसत नाही! आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. तिकीट काढून आत जाण्यासारखं आहे का बाहेरूनच बघून पुढे जावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आत जा हो, नक्की जा. सोन्याचं म्हणाल तर एकेकाळी खरंच होतं. मारिनो कोन्तारिनी नावाच्या बड्या सरदाराने १४२० च्या सुमाराला हा वाडा बांधायला घेतला आणि १४३१ मध्ये समोरच्या दगडी जाळीदार नक्षीवर सोन्याचा वर्ख आणि भारीतला निळा रंग चढवून घेतला. खाऱ्या हवेत ते किती टिकणार, कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं.

पण ही दर्शनी बाजू कालव्याच्या पाण्याकडे आहे आणि म्युझियमचं दार मागच्या गल्लीत, त्यामुळे लोक स्त्रादा नोव्हा या रस्त्यावरून चालत येतात, गल्लीत शिरतात, तिकीट काढतात आणि जे बघायला आले ते बघतच नाहीत. म्हणून १ नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या वॉटर बसने या, का' दोरो नावाचाच स्टॉप आहे. तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. महाग आहे, पण आईंचे पूल चढणं-उतरणं वाचेल, व्हेनिसमधे जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या असतात हे आधीच लक्षात ठेवा. ऊन दुपारनंतर समोरून पडतं, तेव्हा ती जाळी काय दिसते म्हणून सांगू!

आता आत काय, तर माझं ऐकाल तर आधी खाली बघा. तळमजल्याची जमीन. आपल्याकडे मोझॅक म्हटलं की सोसायटीतली ठिपक्याठिपक्यांची फरशी आठवते (तिचं मूळही व्हेनिसकडचंच बरं का), पण ही वेगळी, लाल-हिरव्या-पिवळ्या दगडांचे तुकडे कापून बसवलेली वर्तुळं आणि चौकटी, तिथल्या सॅन मार्को चर्चच्या जुन्या जमिनीच्या धर्तीवर. आणि ती काही मूळ वाड्याची नाही! १८४६ मध्ये एका रशियन प्रिन्सने हा वाडा तालिओनी या प्रसिद्ध बॅले नर्तकीसाठी घेतला आणि दुरुस्तीच्या नावाखाली अंगणातला जुना जिना काढून टाकला, विहिरीचा कोरीव दगडी कठडासुद्धा विकला गेला. मग १८९४ मध्ये जॉर्जो फ्रांकेत्ती या बॅरनने वाडा विकत घेऊन जिना पुन्हा उभा केला, कठडा शोधून परत आणला आणि ही जमीन चक्क स्वतः गुडघ्यावर बसून घातली. पैशाला तोटा नव्हता, माणसं लावता आली असती, पण नाही. १९१६ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं, १९२२ ला गेला, म्युझियम १९२७ ला उघडलं. त्याची रक्षा त्याच अंगणात एका जांभळट दगडी खांबाखाली आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. यात आईंना एकही जिना चढायचा नाही.

वरच्या मजल्यावरची एकच गोष्ट सांगते, मान्तेन्या या चित्रकाराने काढलेला सेंट सेबास्टियन. अंगभर बाण घुसलेले आणि खाली कोपऱ्यात नुकतीच विझलेली मेणबत्ती, तिच्यावर पट्टी गुंडाळलेली, त्यावर लॅटिनमधे लिहिलंय की देवाचं तेवढंच टिकतं, बाकी सगळा धूर. चित्रकार १५०६ मध्ये वारला तेव्हा हे त्याच्या स्टुडिओतच सापडलं. बाकी दालनं वेळ असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या. आईंसाठी लिफ्टचं मात्र तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्या आणि कुठले मजले उघडे आहेत तेही, जुन्या वास्तूत काही ना काही काम निघतच असतं. महिन्याचा पहिला रविवार साधला तर तिकीटच नाही, सरकारी म्युझियम आहे.

बाहेर पडलात की शेजारीच सांता सोफियाचा त्रागेत्तो आहे, म्हणजे पलीकडे नेणारी साधी गोंडोला, २ युरोत रिआल्तोच्या मासळी बाजारापाशी सोडते. गोंडोलाचे शंभरेक युरो वाचले, आणि उतरल्यावर मागे वळलात की समोर तोच वाडा. तिथले लोक उभ्याउभ्याच जातात, आईंना मात्र बसवा.