अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. होकार कळवण्याआधी तिथे जाऊन यावं का?

हो, जमत असेल तर जाऊन याच, पण शक्यतो कॉलेजने आखलेल्या स्वागताच्या दिवशी नाही, साध्या कामाच्या दिवशी. प्रवेश विभागात काम केलंय म्हणून सांगतो: एप्रिलमधले ते कार्यक्रम तुमचं मन वळवण्यासाठीच असतात. बोलकी मुलं पुढे केलेली, फुकट टीशर्ट, आणि दाखवायची खोली आधीच आवरून ठेवलेली. त्यापेक्षा आधी मेल करून तुमच्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या तासाला मागे बसायची परवानगी मागा. मेसमध्ये जेवा आणि शेजारच्या मुलांना विचारा:

- हवा तो कोर्स नोंदणीत मिळतो, की सीट आधीच भरतात?
- शनिवार-रविवारी कॅम्पस ओस पडतो का?

आर्थिक मदत विभागातही वेळ घेऊन ठेवा, रक्कम वाढवून मागायची तर समोरासमोर बोललेलं बरं. होकाराची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. प्रवासखर्च काही कॉलेजं देतात, विचारायला लाजू नका. मात्र मदत धरूनही फीचं गणित बसत नसेल, तर ते कॉलेज बघायलाही जाऊ नका; एकदा कॅम्पस आवडला की कर्जाचा आकडा लहान दिसायला लागतो.