सोळा तासांचा उपास आणि काट्याचा हिशेब

प्रश्न : १६:८ पद्धतीने, म्हणजे सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवते. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, दुसऱ्यात काटा जागचा हलला नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : चुकलेलं काही नाही. पहिल्या आठवड्यात उतरलं त्यात चरबी थोडी होती, बाकी बहुतेक पाणी. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तीन-चार पट ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठलेलं असतं. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं घटलं की हा साठा उतरतो आणि ते पाणी लघवीवाटे जातं. हे एकदाच होतं.

चरबीचा हिशेब संथ असतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर किलोभर उतरायला पंधरा दिवस लागतात. तेव्हा आठवड्याला अर्धा किलो हा उत्तम वेग समजा. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणीही पिण्याआधी, त्याच काट्यावर करा. रोजच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पाळीच्या आधी पाणी साठून वजन किलो-दीड किलो वर जाऊ शकतं, म्हणून महिन्याची तुलना पाळीच्या त्याच टप्प्याशी करावी. चार आठवडे सरासरी ढिम्म राहिली, तर मात्र त्या आठ तासांत काय पोटात जातंय ते लिहून काढा.

प्रश्न : उपासाची वेळ पाळली की बाकी काहीही खाल्लं तरी वजन उतरतं, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि या समजुतीपायी पुष्कळांची मेहनत फुकट जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला. निम्म्यांनी तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. त्यांचं वजन सरासरी ८ किलोने घटलं, बाकीच्यांचं ६.३ किलोने, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. म्हणजे घड्याळाचा उपयोग आहे तो खाणं आपोआप कमी व्हावं एवढ्यासाठी. ते कमी झालंच नाही तर सोळा तास वाया.

आणि ते वाया कसे जातात? उपास सोडताना मूठभर सुकामेवा तोंडात टाकला जातो. ३० ग्रॅमच्या एका मुठीत १७० ते १८० कॅलरी असतात. तीन मुठी झाल्या की सोडलेली न्याहारी भरून निघाली, वर जेवण आहेच.

दुसरी गफलत प्रथिनांची. दिवसाचं एक जेवण गेलं की त्यातली प्रथिनंही जातात, आणि मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन उतरवताना रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजन फार जास्त असेल तर गाठायच्या वजनावर हिशेब करा. ७० किलोला ८४ ते ११२ ग्रॅम, म्हणजे दोन जेवणांत प्रत्येकी चाळीसच्या वर. दोन अंडी (१२ ग्रॅम), ५० ग्रॅम कोरडी डाळ शिजवून (१२) आणि २०० ग्रॅम दही (७) एवढं घेतलं तरी एकतीसच होतात. म्हणून जेवणाची सुरुवात प्रथिनांनी करा आणि आठवड्यातून किमान दोनदा वजनं उचलण्याचा किंवा बैठका-जोरांसारखा व्यायाम ठेवा.

प्रश्न : अकराच्या सुमारास डोकं ठणकतं. उपासात चहा चालतो का?

उत्तर : कोरा चालतो, कोरी कॉफीही. दूध-साखरेचा एक कप साधारण १०० कॅलरींपर्यंत जातो. असे तीन झाले तर तो उपास उरत नाही. डोकेदुखीचं कारण बहुधा पाणी आणि मीठ असतं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात. ग्लासभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून पिऊन पाहा (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको). नेहमीचा चहा एकदम बंद केला असेल तर तेही कारण असतं. सोळा तासांवर थेट उडी घेऊ नका. बारा तासांनी सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी एकेक तास वाढवा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांनी करावं का?

उत्तर : डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची मात्रा ठरवल्याशिवाय एक दिवसही नको. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी धोकादायक खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, घाम फुटला की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा वेळी उपास मोडायचाच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आणि जास्त फसवा : साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास यांतलं काही दिसलं तर साखरेचा आकडा बरा आहे म्हणून थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.