खारफुटीच्या अभयारण्यात दिवसभराची बोटसफर कंटाळवाणी होते का?

दिवसभर बोटीत बसून नुसती झाडंच बघायची का, आणि सकाळची फेरी घ्यावी की दुपारची, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न आधी सोडवा, पहिल्याचं उत्तर त्यातच मिळेल. मात्र सकाळ-दुपार बघू नका, भरती-ओहोटीच्या वेळा बघा.

पूर्ण भरतीला बोट अरुंद फाट्यांतून पार आत जाते, पण चिखल पाण्याखाली असतो. मग खरोखरच नुसती झाडं. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी उतरतात, पण बोट मोठ्या खाडीबाहेर जाऊ शकत नाही. म्हणून ओहोटी संपून पाणी चढू लागलं की निघावं. शिवाय बोट गाळात रुतलीच तर चढतं पाणी तिला उचलतं. उतरत्या पाण्यात रुतली तर बसा पुढच्या भरतीची वाट बघत! भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ तुमच्या कामाची नाही.

कंटाळ्याचं म्हणाल तर मोठं जनावर दिसेल या आशेवर बसलेला माणूस हमखास कंटाळतो. नजर खाली, चिखलाच्या कडेला ठेवा. निवटी हा मासा, पण पाण्याबाहेर परांवर रेटत चालतो, मध्येच टुणकन उडी मारतो. तिथेच छोटे खेकडे असतात; नराची एक नांगी अवाढव्य, ती हलवून तो मादीला बोलावत असतो. बोट काठाला लागली की तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानावरून हाताचं बोट फिरवून बघा (तोडू नका हं). मिठाचे बारीक कण हाताला लागतात. खारं पाणी पिऊन हे झाड नको ते मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाला लटकणाऱ्या लांब हिरव्या काड्या शेंगा वाटतात, पण ती झाडावरच रुजलेली रोपं असतात.

कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर लगेच गटार समजू नका. गाळात हवा पोचत नाही, तिथे पालापाचोळा कुजताना तो वायू सुटतो.

बोट लहान घ्या, आणि पक्षी दिसल्यावर इंजिन बंद कराल ना, हे नावाड्याला आधीच विचारा. टोपी, पाणी, दुर्बीण हवीच. लाइफ जॅकेट नुसतं बाकाखाली असून उपयोग नाही, अंगात घाला. बहुतेक छोट्या बोटींवर शौचालय नसतं, त्यामुळे सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर दिवसभराचा हट्ट सोडा, दोन-तीन तासांची फेरी भरपूर झाली.